घाव दारापर्यंत

कवळीमास्तरांनी नऊ वर्षांत एक शब्द कधी लिहिला नव्हता. शब्द तसा साधाच, 'लागला'. पण तो लिहायची वेळ आली की मास्तरांची बोटं आखडायची. 'ओरखडा उठला' लिहायचे, 'बाही फाटली' लिहायचे, फारच अंगाशी आलं तर 'हाताला जरा झिणझिण्या आल्या' लिहायचे. सरळ 'लागला' म्हणून मोकळं व्हावं, तर छे! ते त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

आता हे कसलं लागणं आणि कसलं लिहिणं, ते आधी सांगायला हवं.

मास्तर कवळ्या करायचे. सात-आठ दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे यायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, खिडकीशी बसून मास्तर त्यांच्यावर मेणात एकेक दात बसवायचे. माणूस कधी दिसायचाच नाही, त्याचं तोंड तेवढं खोक्यात घालून यायचं. वरचा दात खालच्या दातावर बरोबर टेकला पाहिजे, चावा जुळला पाहिजे, म्हणून मध्ये कागदाची निळी पट्टी धरून ते पन्नासदा तपासायचे. मास्तरांच्या हातची कवळी कधी परत आली नाही, हे डॉक्टर लोकसुद्धा कबूल करत. हातात कसब, डोक्यात नियम आणि नाकावर राग, असा हा बावन्न वर्षांचा माणूस. लग्न केलं नाही की झालं नाही, यावर त्यांचं आणि ताईचं एकमत नव्हतं. ताई म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यावर चार दिवस राहायला म्हणून भावाकडे आली, ती राहिलीच.

संध्याकाळी पाचला मास्तर घरी यायचे, नखांतलं प्लास्टर काढायचे, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचे आणि आखाड्यात उतरायचे.

आखाडा लेखी होता. इंटरनेटवरची एक जागा, तिला सगळे आखाडाच म्हणत. तिथे चित्रं नाहीत, आवाज नाहीत, बटणं दाबून मारामारी नाही. जे काय लढायचं ते लिहून. आपला एक योद्धा ठरवायचा, त्याचं नाव, हत्यार, खोडी ठरवायच्या, आणि समोरच्याशी पाळीपाळीने लिहीत लढायचं. तिथला सगळ्यात मोठा नियम असा की तुम्ही घाव उगारायचा, नेम धरून समोरच्याच्या अंगापर्यंत न्यायचा आणि तिथे थांबायचं. तो लागला की चुकला, आणि लागला तर किती, हे समोरचा लिहिणार. दुसऱ्याच्या देहावर तुमची लेखणी चालत नाही. मग कुणी म्हणेल, असं असेल तर मार खाईल कोण, सगळेच चुकवतील की! तिथेच तर माणसाची पारख व्हायची. नीट मारलेला घाव चांगला खेळाडू नीट लावून घ्यायचा. सगळंच चुकवणाऱ्याला 'तेल्या' म्हणत, म्हणजे अंगाला तेल चोपडून आलेला, हाताला न सापडणारा. आखाड्यात याहून वाईट शिवी नव्हती. आणि पाळी आल्यावर सात दिवसांत लिहिलं नाही, तर गैरहजर म्हणून हार.

मास्तरांच्या योद्ध्याचं नाव पोलाद. उंचपुरा, चिलखत घातलेला, हातात दुधारी तलवार. खुद्द मास्तर सव्वापाच फूट, आणि गारठा पडला की गळ्याला मफलर. पण लिहिताना कोण बघायला येतंय!

पहिल्याच लढतीत मास्तरांनी लिहून टाकलं, 'तलवार फिरली आणि म्हाताऱ्याची मान धडावेगळी झाली.' बोंबला! सगळा आखाडा त्यांच्यावर तुटून पडला. कुणी अडाणी म्हणालं, कुणी हाकलून द्या म्हणालं. ज्याची मान उडवली होती तो मात्र शांत. त्याचा योद्धा म्हणजे एका पायाने अधू असलेला म्हातारा नावाडी, हत्यार काय तर वल्हं. त्याने आपल्या पाळीत लिहिलं, 'नावाड्याने मान चाचपून पाहिली. होती. जरा आखडली आहे, आज शेकावी लागणार.' आणि मास्तरांना खासगीत चिठ्ठी पाठवली: 'पोलादराव, घाव माझ्या दारापर्यंत आणायचा. दार मी उघडतो. उघडतो हो, काळजी करू नका.'

तिथून जे जमलं ते जमलंच. नऊ वर्षांत दोघांच्या त्रेचाळीस लढती झाल्या. त्यातल्या एकतीस मास्तरांनी जिंकल्या, आणि हे ते ताईला न विचारता सांगायचे. त्यांची एक वही होती. नावाड्याला कुठल्या पाळीत कुठे मार बसला, ते त्या वहीत असायचं. डावं मनगट तिसऱ्या पाळीत दुखावलंय ना, मग नवव्या पाळीत त्याच मनगटावर जड घाव टाकायचा, म्हणजे वल्हं धरवणार नाही. असं बारीक काम. नावाड्याची तऱ्हा उलटी. तो मार घ्यायचा आणि त्या माराचंच काहीतरी करायचा. एकदा मास्तरांनी त्याचा गुडघा फोडला. तो 'लागला' म्हणून खाली बसला, आणि बसल्या बसल्या वल्हं असं जमिनीलगत फिरवलं की पोलादचे दोन्ही घोटे त्याच्या टप्प्यात. म्हणजे गुडघा त्याने मुद्दाम दिला होता! मास्तर खुर्चीतून उठून ओरडले, 'अरे चोरा!' आणि स्वयंपाकघरात ताईच्या हातातलं पातेलं पडलं. अर्थात पोलादच्या घोट्यांना ओरखडेच उठले. त्याहून जास्त मास्तर लिहिणार नाहीत, हे नावाड्याला ठाऊक होतं. त्याने त्यांना कधी तेल्या म्हटलं नाही.

लढत संपली की नावाड्याची चिठ्ठी यायची, 'लागलं नाही ना, पोलादराव?' हरलेला तो, आणि विचारणारा तोच. मास्तर लिहायचे, 'पोलादला काय लागतंय!' बस. याच्यापुढे एक अक्षर नाही. आखाड्यात घरच्या गोष्टी करायच्या नाहीत असा रिवाज होता, आणि रिवाज म्हटला की मास्तर तो जरा जास्तच पाळणार.

'अरे, नऊ वर्षं ज्याच्याशी भांडतोयस त्याचं नाव तरी विचार,' ताई म्हणायची.

'भांडत नाही, लढतो. आणि नाव विचारत नसतात.'

'मग लग्नच करून टाक त्याच्याशी. तेव्हा तरी कळेल.'

मास्तर चिडायचे. पण खरं सांगायचं तर आपण काय लिहितो याची वाट बघणारं या जगात त्यांना तेवढं एकच माणूस होतं. हे त्यांना कळत होतं. बोलायला जीभ रेटत नव्हती, एवढंच.

चव्वेचाळिसाव्या लढतीची जागा नावाड्याने निवडली. नदीचा धक्का, बांधून ठेवलेली होडी, पहाटेची वेळ. मास्तरांनी पहिला घाव खांद्यावर टाकला, अगदी मापात. नावाड्याने लिहिलं, धुकं दाटून आलं आणि तलवार हवेत गेली. ठीक आहे, नदीवर धुकं असतंच. दुसरा घाव मानेवर, तर हा नेमका तेव्हाच दोर उचलायला वाकला. तिसरा बरगडीवर, तर तलवार मध्येच धक्क्याच्या खांबात रुतली. चौथ्याला पाय घसरून पोलादचाच तोल गेला असावा, असं काहीतरी. असावा! पोलादचा तोल लिहिणारा हा कोण? पाचवा, सहावा, सगळे वाया. आणि लिहिणंही कसं, दोन ओळी, कोरड्या. ना थट्टा, ना मान शेकणं. पूर्वी दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, आता पाच-पाच, सहा-सहा दिवस लागत होते.

मास्तरांचं डोकं फिरलं. खरं म्हणजे त्यांना वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटलं की त्यांचं डोकंच फिरायचं.

'मला कच्चा लिंबू समजतोय,' ते ताईला म्हणाले. 'सहाच्या सहा चुकवले. तेल्या झालाय तेल्या!'

'अरे, बरं नसेल त्याला. विचारून बघ की एकदा.'

'असं विचारत नसतात, ताई. किती वेळा सांगू?'

'मग बस नियम चाटत,' ताई म्हणाली आणि भाजी निवडायला आत गेली.

मास्तरांनी वही काढली आणि पंचांकडे तक्रार लिहिली. सलग पाचांहून जास्त घाव चुकवले तर तक्रार करता यायची. कवळी घासावी तशी त्यांनी ती तक्रार घासली. पाळीचा आकडा, घाव, नेम, चुकवायचं कारण, आणि ते कारण पटण्यासारखं का नाही, सगळं ओळीने. तीन दिवसांनी पंचांनी सर्वांसमोर विचारणा केली. नावाड्याचं उत्तर एका ओळीचं होतं, 'तक्रार बरोबर आहे. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.' पंचांनी त्याच्या नावापुढे पिवळी खूण लावली आणि त्या सहा घावांचं उत्तर पुन्हा लिहायची मुभा दिली. नऊ वर्षं ज्याचं नाव नव्या पोरांना आदर्श म्हणून सांगत होते, त्याच्या नावापुढे पिवळी खूण! मास्तरांना वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका साच्यावर वरचे सुळे खाली आणि खालचे वर बसवून ठेवले. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सोमवारी नावाड्याची पाळी आली. या वेळी लांबलचक.

'पोलादराव,' असं त्याने सुरुवातीलाच लिहिलं होतं. खरं तर लढतीत असं कुणी लिहीत नाही. 'त्या पहिल्या घावाच्या वेळी धुकं नव्हतं. घाव खांद्यावर आला होता, तो लागला. हात वर जात नाही. दुसऱ्याच्या वेळी मी दोर उचलायला वाकलो नव्हतो. मानेला लागला, आखडली आहे, पण या वेळी शेकून काही व्हायचं नाही. खांब तिथे नव्हताच. बरगडी मोडली आहे, श्वास घेताना कळतं.' असे एकेक करून सहाही घाव त्याने लावून घेतले होते. कुठे लागलं, कसं दुखतं, नावाडी कसा होडीच्या कडेला टेकला, सगळं. आणि शेवटी, 'आता नावाड्याच्या एकाच हातात जोर आहे. त्या हाताने तो वल्हं उचलतो. सावकाश उचलतो, घाई नाही. वल्हं पोलादच्या छातीच्या दारापर्यंत आलं आहे. दार तुमचं.'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. कुणी साधा माणूस असता तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. पण मास्तरांनी नऊ वर्षं या माणसाच्या डावांचा अभ्यास केला होता ना! त्यांना गुडघा आठवला. मार घेऊन जवळ बोलावायचं आणि मग खालून वल्हं काढायचं, ही याची जुनीच रीत. आणि एका हाताने, सावकाश? कुठल्याही पोराला चुकवता येईल असा फटका? डाव आहे, मास्तर म्हणाले. पक्का डाव आहे.

मग त्यांनी चार दिवस घेतले. टेबलावर मिठाची बाटली म्हणजे होडी, फूटपट्टी म्हणजे वल्हं, आणि चमचा म्हणजे पोलाद, असं मांडून बसले. छातीवरचा फटका चुकवायचा कुठल्या बाजूने? डावीकडे सरकलं तर तो होडीचा दोर ओढणार. उजवीकडे पाणी. म्हणजे मागेही नाही, बाजूलाही नाही, सरळ पुढे, वल्ह्याच्या आत शिरायचं! ताई जेवायला वाढू का म्हणून तीनदा विचारून गेली. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मास्तरांनी पाळी टाकली. पोलाद वल्ह्याखालून आत शिरतो, फटका पाठीमागून रिकामा जातो, आणि तलवारीचं टोक नावाड्याच्या मोडलेल्या बरगडीवर येऊन थांबतं. अस्सल काम झालं होतं. आखाड्यातल्या चौघांनी लगेच वाहवा केली.

शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारही गेला. मास्तर दुपारी डबा खातानासुद्धा फोनवर बघायचे. नावाड्याची सात दिवसांची मुदत चालू होती, शुक्रवारी सहापर्यंत. मंगळवारी संध्याकाळी चिठ्ठ्यांच्या पेटीत नावाड्याच्या नावाने चिठ्ठी आली. मास्तरांनी हात पुसले आणि हसत उघडली.

'नमस्कार काका. मी तुमच्या नावाड्याची मुलगी. बाबा शुक्रवारी सकाळी गेले. तुम्हाला कसं कळवायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून उशीर झाला, माफ करा.

बाबा चार महिने अंथरुणावर होते. हात चालत नव्हते म्हणून ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. दिवसभर त्यांना सुया टोचत, नळ्या घालत, हाताला जागा उरली नव्हती. आणि संध्याकाळी बाबा म्हणायचे, लिही, खांद्याला लागला. माझ्याने ते लिहवायचं नाही, काका. मीच म्हणायचे, बाबा, हा नका ना लावून घेऊ, चुकवा. ते म्हणायचे, अगं असं चालत नाही, तो बिचारा नेम धरून मारतोय. मी रडायला लागायचे. मग म्हणायचे, बरं, लिही, धुकं आलं. ते धुकं, तो खांब, सगळं माझंच. तुमचा तोल गेला हेसुद्धा मीच लिहिलं. मला तुमचे नियम माहीत नव्हते. पंचांना मी खरं सांगणार होते, पण बाबांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, पाळी माझ्या नावाची, तर चूकही माझीच.

ती सोमवारची मोठी पाळी त्यांनी स्वतः लिहिली. मला बाहेर पाठवलं आणि एका बोटाने लिहीत बसले, सकाळपासून दुपारपर्यंत. मग रोज विचारायचे, पोलादरावांचं आलं का? मी म्हणायचे, नाही आलं. ते म्हणायचे, विचार करत असेल, त्याला वेळ लागतो. गुरुवारी म्हणाले, माझा एक तरी फटका त्याला सरळ लागला तर बरं होईल. तुमचं शुक्रवारी संध्याकाळी आलं. मी वाचलं. तुम्ही छान लिहिता.'

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. मग उघडला. मग पुन्हा मिटला.

सोमवारीच लिहिलं असतं तर. काय लागत होतं? तीन अक्षरं. सोमवारी ती तीन अक्षरं लिहिली असती तर मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, तीन दिवस तो माणूस ती वाचून पडला असता. आणि आपण मिठाची बाटली सरकवत बसलो होतो! मास्तरांनी वही काढली, तिच्यात सहा घाव ओळीने लिहिलेले होते, खांदा, मान, बरगडी. ते वाचता वाचता त्यांना पुढचं दिसेना. ताई पाणी घेऊन आली, तिने चिठ्ठी वाचली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

'ताई, मी तक्रार केली गं त्याची,' मास्तर म्हणाले.

'हो रे,' ताई म्हणाली. खोटं कशाला बोलेल ती?

थोड्या वेळाने मास्तरांच्या एकदम लक्षात आलं. मुदत! शुक्रवारी सहा वाजता आखाडा आपोआप लिहिणार: नावाडी गैरहजर, पोलाद विजयी. त्या माणसाची शेवटची लढत, नावापुढे पिवळी खूण, आणि निकाल काय तर गैरहजर! आणि ते वल्हं तसंच रिकामं गेलेलं. मास्तर ताडकन उठले. तिथल्या तिथे पंचांना लिहिलं, माझी शुक्रवारची पाळी मागे घ्यायची आहे, आणि ती खूणही काढा. कारण सगळं सांगितलं. रिवाज गेला खड्ड्यात.

पंचांचं उत्तर सकाळी आलं. खूण काढली होती. पण लिहिलेली पाळी मागे घ्यायची तर समोरच्याची संमती लागते, तसा नियम आहे. आणि हा नियम आणा म्हणून तीन वर्षांपूर्वी आखाड्याच्या चर्चेत पानंच्या पानं कुणी लिहिली होती? आमच्या मास्तरांनीच. आता समोरचा संमती द्यायला कुठून येणार?

मग त्या मुलीलाच लिहिणं आलं. बुधवारी दुपारी, खोलीत समोर साचे पडलेले असताना, मास्तरांनी फोनवर लिहायला घेतलं. सात वेळा खोडलं. शेवटी गेलं ते असं: 'बाळा, तक्रार करणारा मीच. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही. माझी एक पाळी मला परत घ्यायची आहे. बाबांच्या नावाने आखाड्यात फक्त हरकत नाही, एवढं लिहिशील का?'

तासाभरात उत्तर आलं. 'काका, तक्रार तुमची हे माहीत होतं. मी बाबांना ती वाचून दाखवली होती. ते हसले. म्हणाले, काय नेटकी लिहिली आहे बघ, एक पाळी चुकली नाही त्याची. हरकत नाही असं लिहिलं आहे.'

कवळ्या करणारे कवळीमास्तर, बत्तीस वर्षांचे मुरलेले कारागीर, हातातला साचा तसाच ठेवून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, मास्तर, डोळ्यांत पावडर गेली का? मास्तर म्हणाले, हो.

गुरुवारी संध्याकाळी ते टेबलाशी बसले. मिठाची बाटली आत ठेवली, फूटपट्टीही. वही उघडलीच नाही. त्यांनी लिहिलं:

'पोलादला वल्हं येताना दिसतं आहे. ते सावकाश येतं आहे, डाव्या हाताने बाजूला सारता येईल इतकं सावकाश. पोलाद चिलखताचे पट्टे सोडतो. चिलखत धक्क्यावर ठेवतो. नावाडीबुवा, दार उघडं आहे. फटका छातीवर येतो. लागला. ओरखडा नाही, झिणझिण्या नाहीत. लागला. पोलाद खाली बसतो. उठायची इच्छा नाही. तलवार तो होडीत ठेवतो. पोलाद हरला.'

एवढं लिहायला त्यांना दोन तास लागले. कळ दाबली. आखाड्याच्या पानावर निकाल उमटला, नावाडी विजयी. खाली एकेक करत लोक येऊन गेले. कुणी काही लिहिलं नाही, नुसती आपापल्या योद्ध्याची नावं लिहिली, ओळीने.

आणि मग मास्तरांनी काय केलं असेल? सवयीने चिठ्ठ्यांची पेटी उघडली. नऊ वर्षं लढत संपली की तिथे ती ओळ आलेली असायची. पेटी रिकामी होती. मास्तर तिच्याकडे बघत बसले. आता कुणी विचारायचं नव्हतं, आणि पोलादला काय लागतंय म्हणून कुणाला सांगायचं नव्हतं. छातीत इतकं दुखत होतं की त्यांनी हात तिथे धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने चिठ्ठी आली. मुलीची.

'काका, वाचलं. बाबांच्या खोलीत बसून मोठ्याने वाचलं. आता पाळी कुणाची?'

मास्तरांनी लिहिलं, 'आता कुणाचीच नाही, बाळा. लढत संपली. बाबा जिंकले.' पाठवलं. मग थोडं थांबून, नियम, रिवाज, सगळं बाजूला ठेवून, नऊ वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. 'बाबांचं नाव काय होतं?'

नाव आलं. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, नीट, सावकाश.

ताई दारात उभी होती. 'चांगलं आहे रे नाव,' ती म्हणाली.

'हो,' मास्तर म्हणाले, आणि टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडायला लागले.